वजनाशी वैर

गाडी जोरात पळवायची असेल तर काय करावे? कोणत्याही गॅरेजमध्ये हा प्रश्न विचारा, उत्तर एकच मिळेल. इंजिन दमदार करा. मोठे इंजिन बसवा, नाहीतर आहे त्याच इंजिनाला टर्बो लावा. टर्बो हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. घाट चढणाऱ्या मालट्रकच्या पाठीवर तो दिसतो, जीपगाड्यांच्या दारांवर दिसतो आणि अलीकडे तर घरातून बाजारापर्यंत जाणाऱ्या छोट्या मोटारींवरही दिसतो. तो वाचला की या गाडीत काहीतरी जास्तीचे, जोरकस आहे एवढे आपल्याला कळते.

पण याच प्रश्नाला दुसरेही एक उत्तर आहे. पायी पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. लांबचा पल्ला गाठायचा तर पायांत बळ आणण्याआधी डोक्यावरचे बोचके हलके करावे. उत्तर लंडनमधल्या एका हॉटेलवाल्याच्या मुलाने हे दुसरे उत्तर पकडले आणि आयुष्यभर सोडले नाही. त्याने मोटारींच्या शर्यतींचे शास्त्र बदलले, घरच्या घरी जोडता येणारी स्पोर्ट्स कार जगाला दिली आणि वजनाशी असे काही वैर मांडले, की त्या वैराची किंमत कधी कधी दुसऱ्यांना मोजावी लागली. त्याचे नाव कॉलिन चॅपमन. 'लोटस' मोटारींचा जनक.

त्याच्या आयुष्याच्या अखेरीस टर्बो त्याच्या दारात येऊन उभा राहिला. पहिल्या उत्तरावर हयातभर अविश्वास दाखवलेल्या या माणसाने त्याला आत घेतले. हे कसे घडले, ते समजून घेण्याआधी इंजिनाविषयी थोडे बोलायला हवे.

श्वास आणि भाता

पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरमध्ये पोकळी निर्माण होते, बाहेरची हवा आत शिरते. तिच्यात पेट्रोल मिसळते, ठिणगी पडते आणि स्फोटाने दट्ट्या ढकलला जातो. बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढ्यावर भागवणाऱ्या इंजिनाला नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात. आपण त्याला आपल्या श्वासावर चालणारे इंजिन म्हणू.

टर्बोचे तसे नाही. लोहार भट्टीला भाता मारतो आणि निखारा लालाचा पांढरा होतो, तसा टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. आणि गंमत म्हणजे तो मारायला वेगळा माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तो आधी एक छोटी चक्री फिरवतो. तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेली चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा म्हणून जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते.

मात्र हा भाता म्हणतात तितका फुकट नाही. चक्रीला वेग घ्यायला वेळ लागतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिनाने क्षणभर विचार करायचा आणि मग एकदम मुसंडी मारायची, असा प्रकार होतो. यालाच टर्बो लॅग म्हणतात. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला इंटरकूलर लागतो. नळ्या लागतात, उष्णता अडवणारे पत्रे लागतात, वाढीव दाब सोसणारे दट्टे लागतात. या सगळ्याचे वजन समजा चाळीस किलो धरले, तर दीड टनाच्या मोटारीत ते कुठच्या कुठे जिरून जाते. पण गाडीच पाचशे किलोची असेल तर? तिथे चाळीस किलो म्हणजे बाराव्या हिश्श्याएवढे नवे ओझे. शिवाय ते बहुतेक पुढच्या चाकांवर. चॅपमनने आयुष्याची पहिली कीर्ती मिळवली ती अशाच पाचशे किलोच्या गाडीवर.

न विकली गेलेली ऑस्टिन

कॉलिन चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनलगतच्या रिचमंडमधला. उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात वडील रेल्वे हॉटेल चालवत. तिथल्या वर्दळीतच मुलगा वाढला. युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने मोटारींचे नव्हे, तर इमारती आणि पुलांच्या सांगाड्यांचे शास्त्र शिकायला घेतले. विद्यापीठाच्या हवाई पथकात दाखल होऊन विमान चालवायलाही शिकला. या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. पुलाचा इंजिनिअर कोणत्या दांडीवर किती भार येतो ते मोजतो. विमानाचा इंजिनिअर ज्या दांडीवर भार येत नाही ती काढूनच टाकतो. चॅपमनने हे दोन्ही संस्कार एकत्र केले.

कॉलेजात असतानाच तो एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागला. युद्धानंतरचे ते दिवस, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, धंदा तेजीत होता. १९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी वाहनांचे पेट्रोलच बंद केले आणि एका रात्रीत बाजार कोसळला. मिळेल त्या किमतीला गाड्या फुंकून टाकल्यावर हातात उरली एक १९३० ची ऑस्टिन सेव्हन. तिला गिऱ्हाईक नव्हते. हेझल विल्यम्स ही त्याची मैत्रीण. तिच्या आईवडिलांच्या घरामागे एक बंदिस्त गॅरेज होते. तिथे चॅपमनने ती ऑस्टिन उघडली आणि तिच्या सांगाड्यावर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमची हलकी बॉडी चढवली. १९४८ मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. कमळाचे नाव मोटारीला का, याचे उत्तर त्याने कधी जाहीरपणे दिले नाही. हेझलला तो लाडाने त्या नावाने हाक मारी, असे सांगतात.

पदवीच्या परीक्षेत हा भावी महान इंजिनिअर गणितात अडकला आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसून १९४९ मध्ये पदवीधर झाला. काही काळ हवाई दलात काढून त्याने ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी धरली. दिवसा नोकरी, रात्री गॅरेज, रविवारी शर्यत असा क्रम सुरू झाला.

१९५१ च्या हंगामात त्याने जी करामत केली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. साडेसातशे सीसीच्या ऑस्टिन इंजिनांच्या शर्यतींत सगळ्यांची इंजिने सारखीच असत. त्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा आत घेणारी भोके दोनच. दोन-दोन सिलिंडरांनी एकाच भोकातून श्वास घ्यायचा आणि एकमेकांची हवा पळवायची. चॅपमनने आत येणाऱ्या वाटेत एक पातळ पडदी अशी बसवली, की प्रत्येक सिलिंडरला जणू आपापली खिडकी मिळाली. त्याने भाता लावला नाही, इंजिन मोठे केले नाही, फक्त त्याचा श्वास मोकळा केला. गाडी इतकी पळू लागली, की ही युक्ती पुढे क्लबला नियम करून बंद करावी लागली. नियमपुस्तकातली फट शोधायची, तीतून शिरायचे आणि नियम करणाऱ्यांनी ती बुजवेपर्यंत जिंकून घ्यायचे, ही त्याची सवय इथूनची.

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग कंपनी स्थापन झाली. भांडवलात हेझलने उसने दिलेले पंचवीस पौंड होते. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलशेजारचा जुना तबेला. १९५४ मध्ये हेझलशी त्याचे लग्न झाले.

खोक्यांतून येणारी मोटार

घराच्या छपराची कैची आपण पाहिलेली असते. बारीक लाकडे त्रिकोणांत जोडली, की केवढ्या कौलांचा भार ती सहज पेलतात. चॅपमनने बारीक पोलादी नळ्या अशाच त्रिकोणांत जोडून मोटारीचा सांगाडा केला. जुन्या पद्धतीच्या जाड तुळयांच्या चासीपेक्षा तो कितीतरी हलका आणि ताठ. १९५२ च्या 'मार्क सहा' गाडीत तो आला आणि १९५७ मध्ये त्याच वाटेवरची 'लोटस सेव्हन' आली.

सेव्हन दिसायला म्हणजे चार चाकांवरचा टब. दारे नाहीत, छप्पर म्हणजे ताडपत्री, सामानाला जागा नाही. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचे ११७२ सीसीचे साधे इंजिन होते, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे. आपल्या जुन्या मारुती ८०० ची ताकद जवळपास एवढीच होती. पण मारुतीचे वजन साडेसहाशे किलोच्या घरात आणि सेव्हनचे पाचशेच्या. तेवढ्या ताकदीत ही गाडी वळणावर भल्याभल्या महागड्या मोटारींना मागे टाकी. वजन कमी केले, की फक्त पिकअप वाढतो असे नाही. ब्रेक लवकर लागतो, टायर कमी झिजतात, वळण जास्त वेगात घेता येते, पेट्रोलही कमी लागते. वाढवलेली ताकद एका सरळ रस्त्यावर उपयोगी पडते, घटवलेले वजन सगळीकडे. चॅपमनचे सगळे तत्त्वज्ञान या एका वाक्यात मावते.

या गाडीचा खरा चमत्कार तिच्या विक्रीत होता. ब्रिटनमध्ये तेव्हा नव्या तयार मोटारीवर जबर विक्रीकर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. मग चॅपमनने मोटार सुट्या भागांतच विकायला काढली. तयार सेव्हन करासह १,०३६ पौंडांना पडे, तर खोक्यांतून घरी आणलेली ५३६ पौंडांना. तरुण कारकून, शिक्षक, कारागीर पैसे साठवून ही खोकी घरी आणत आणि सुट्टीच्या दिवसांत आपल्या हातांनी मोटार उभी करत. जोडणीची माहितीपुस्तिका सोबत दिली तर कर लागू होई. म्हणून, असे सांगतात, की गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देण्यात येई. गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचायची! फट शोधणाऱ्याची बुद्धी इथेही चालली.

अशा गाडीला टर्बो का नको, हे आता सहज कळेल. हलक्या गाडीचा चालक वळणावर स्टिअरिंगइतकाच ॲक्सिलरेटरही चालवत असतो. पाय किंचित दाबला की मागची चाके रेटतात, किंचित सैल केला की पुढची चाके जमीन पकडतात. काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालण्यासारखे हे काम आहे. पायाने मागितले तेवढे आणि मागितले त्याच क्षणी मिळाले पाहिजे. आपल्या श्वासावर चालणारे इंजिन ते देते. टर्बोने अर्धा क्षण उशीर केला आणि मग मागणीपेक्षा जास्त दिले, तर वजनाचा दाब नसलेली मागची चाके निसटतात आणि घागर सांडते.

हलकेपणाची किंमत

शर्यतींच्या सर्वोच्च पायरीवर, फॉर्म्युला वनमध्ये, चॅपमनने हाच हट्ट नेला. १९६२ च्या 'लोटस २५' मध्ये नळ्यांचा सांगाडाच गेला आणि विमानासारखे पत्र्याचे बंदिस्त कवच आले. स्कॉटलंडच्या मेंढपाळ घराण्यातला शांत स्वभावाचा जिम क्लार्क ती चालवू लागला आणि १९६३ व १९६५ मध्ये विश्वविजेता झाला. १९६७ मध्ये चॅपमनने फोर्ड कंपनीला एक लाख पौंड खर्चायला राजी केले आणि किथ डकवर्थकडून तीन लिटरचे डीएफव्ही इंजिन बनवून घेतले. डकवर्थ पूर्वी लोटसमध्येच नोकरीला होता. हे इंजिन गाडीत ठेवलेले नव्हते, तेच गाडीचा मागचा अर्धा सांगाडा होते. चालकाच्या कवचाला ते थेट बोल्टांनी जोडले, मागची चाके त्यालाच टांगली आणि एवढी चासी वाचली. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडव्हूर्टला, पहिल्याच शर्यतीत, क्लार्कने ते जिंकून दिले.

पण हलके करता करता कुठे थांबायचे? १९६० मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निखळले आणि तो जबर जखमी झाला. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचा स्टिअरिंगचा दांडा तुटला. टेलरची शर्यतीची कारकीर्द संपली, त्याने कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. लोटस वेगवान खरी, पण तिचा भरवसा नाही, अशी बोलवा झाली. एप्रिल १९६८ मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइमला क्लार्कची गाडी झाडांवर आदळली आणि तो गेला. चॅपमनचा तो केवळ चालक नव्हता, जिवाभावाचा मित्र होता. त्या धक्क्यातून तो पुरता सावरला नाही, असे त्याच्या जवळची माणसे सांगत.

त्याच्या जागी आलेला योखेन रिंट उघडपणे तक्रार करी. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत गाडीचा पंख मोडून तो मरता मरता वाचला. गाडीचे नाजूक भाग थोडे वजन वाढवून बळकट करावेत, असे त्याने लेखी कळवले. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोन्झाला ब्रेक लावताना त्याची गाडी रस्ता सोडून कठड्यावर आदळली. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला होता. कठडाही धड बसवलेला नव्हता आणि रिंटने पट्टे पूर्ण बांधले नव्हते. दोष वाटून देता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले. शर्यतीच्या इतिहासात असे एकदाच घडले आहे.

चॅपमन नव्या यंत्रांना भिणारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९७१ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये दट्ट्यांच्या इंजिनाऐवजी चक्क गॅस टर्बाइनची गाडी उतरवली. ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बाइन इतक्या सावकाश जागे होई, की वळण संपण्याच्या कितीतरी आधी पाय दाबून ठेवावा लागे आणि त्याच वेळी दुसऱ्या पायाने ब्रेकही. गाडी कधी जिंकली नाही. उशिरा मिळणारी ताकद काय असते, याचा धडा टर्बोच्या आधीच त्याला मिळाला होता.

पिवळ्या किटलीची हाक

१९६६ पासून फॉर्म्युला वनच्या नियमात दोन पर्याय होते. आपल्या श्वासावर चालणारे इंजिन तीन लिटरपर्यंत, नाहीतर हवा कोंबलेले इंजिन दीड लिटरपर्यंत. दुसऱ्या पर्यायाकडे अकरा वर्षे कोणी फिरकले नाही. जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला फ्रान्सच्या रेनो कंपनीने दीड लिटरची टर्बो गाडी आणली. ती इतकी वेळा धूर ओकत बंद पडे, की ब्रिटिशांनी तिचे नाव पिवळी किटली ठेवले. डकवर्थचा तर टर्बोला तात्त्विक विरोध होता. धुरावर फिरणारी चक्री म्हणजे दुसरे इंजिनच झाले, मग दीड लिटरची मर्यादा उरली कुठे, असा त्याचा युक्तिवाद होता.

चॅपमनचे उत्तर वेगळे होते. त्याने हवेलाच कामाला लावले, पण इंजिनाच्या आत नव्हे, गाडीच्या पोटाखाली. 'लोटस ७८' आणि 'लोटस ७९' या गाड्यांचे पोट उलट्या पंखासारखे घडवले होते. खालून धावणारी हवा गाडीला जमिनीकडे ओढून धरी, त्यामुळे वजन न वाढता टायरची पकड वाढे. डीएफव्ही इंजिन अरुंद असल्याने या पोकळीला जागा मिळे. फेरारीच्या आडव्या, रुंद इंजिनाला ते जमत नव्हते. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेती लोटसमधून विश्वविजेता झाला. त्याच हंगामात रॉनी पीटरसन हा लोटसचा दुसरा चालक मोन्झाच्या अपघातानंतर दगावला.

जुलै १९७९ मध्ये मात्र किटलीने फ्रान्समधल्या दिजाँची शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले. फेरारी आणि बीएमडब्ल्यूही टर्बोकडे वळले. साध्या इंजिनाच्या ब्रिटिश संघांना वजन घटवण्याचाच आधार उरला. १९८२ मध्ये त्यांनी ब्रेक थंड करण्याच्या नावाखाली पाण्याच्या टाक्या बसवल्या, शर्यतीत पाणी सांडून गाडी हलकी करायची आणि वजनकाट्यावर जाण्याआधी टाकी पुन्हा भरायची, असा उद्योग चालवला. ब्राझीलच्या शर्यतीतले पहिले दोन क्रमांक या कारणावरून रद्द झाले.

रस्त्यावरच्या मोटारींत चॅपमनने टर्बो आधीच घेतला होता. जेम्स बाँडच्या १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी' चित्रपटात पाण्याखाली पाणबुडी होणारी पांढरी मोटार अनेकांना आठवत असेल. ती लोटसची एस्प्रिट. १९८० मध्ये तिची टर्बो आवृत्ती आली आणि पुढच्याच बाँडपटात झळकली. २.२ लिटरच्या साध्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघे, टर्बोने ती २१० झाली. सेव्हनच्या जनकाने हे का केले? एस्प्रिट टनापेक्षा जड, ऐषारामी गाडी होती. तिच्या गिऱ्हाइकाला काच, गालिचा, वातानुकूलन हवे होते. तिथे आणखी वजन उतरवायला जागा उरली नव्हती आणि टर्बोचे ओझे तिथे जाणवतही नव्हते. टर्बो त्याने तत्त्व म्हणून मान्य केला नाही, हिशेब म्हणून केला.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी ऑस्ट्रियाच्या डोंगराळ, वेगवान ट्रॅकवर शर्यत होती. चढणीचा, लांब सरळ रस्त्यांचा हा ट्रॅक टर्बोंच्या मर्जीचा. पण आघाडीच्या टर्बो गाड्या एकेक करून मागे पडल्या किंवा बंद पडल्या. शेवटची आशा ॲलन प्रोस्टची रेनो, तीही अखेरच्या काही फेऱ्यांत थांबली. उरल्या दोन डीएफव्ही गाड्या, लोटसचा एलिओ द आंजेलिस आणि विल्यम्सचा केके रोझबर्ग. सेकंदाच्या विसाव्या भागाने द आंजेलिस जिंकला. डीएफव्ही कुळातला तो दीडशेवा विजय. लोटस चार वर्षांनी जिंकली होती. चॅपमन ट्रॅकच्या कडेला धावत आला आणि प्रथेप्रमाणे त्याने आपली काळी टोपी हवेत भिरकावली. ती त्याची अखेरची टोपी ठरली. त्याच वर्षी पुढच्या हंगामासाठी त्याने रेनोशी टर्बो इंजिनांचा करार केला होता. हलक्या गाडीचा हा विजय लाख मोलाचा खरा, पण तो समोरच्याची इंजिने फुटल्यामुळे मिळाला, हे न समजण्याइतका तो भोळा नव्हता.

टाकता न येणारे ओझे

टर्बोची लोटस शर्यतीत उतरलेली त्याने पाहिली नाही. १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघे चौपन्न. त्याच दिवशी त्याच्या गाडीवर संगणकाने हलणाऱ्या सस्पेन्शनची पहिली चाचणी होती.

मृत्यूच्या वेळी त्याच्यावर एक सावट होते. जॉन डिलोरियन या अमेरिकन उद्योजकाने ब्रिटिश सरकारच्या पैशावर बेलफास्टमध्ये मोटार कारखाना काढला होता आणि गाडीच्या विकासाचे काम लोटसकडे दिले होते. कारखाना १९८२ मध्ये बुडाला. विकासासाठी दिलेले कोट्यवधी डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत भलतीकडे वळल्याचे उघड झाले. १९९२ मध्ये लोटसचा अर्थप्रमुख फ्रेड बुशेल याला बेलफास्टच्या न्यायालयाने तीन वर्षांची कैद सुनावली. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी सुनावले. करातली फट, नियमातली फट आणि कायद्यातली फट यांतले अंतर त्याला एका वळणावर दिसेनासे झाले.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९८३ ची पहिली टर्बो लोटस अवजड निघाली आणि हंगामाच्या मध्यात मोडीत काढावी लागली. १९८५ मध्ये पोर्तुगालच्या पावसात आयर्टन सेना याने टर्बो लोटसमधूनच आपली पहिली शर्यत जिंकली. टर्बोंची ताकद हाताबाहेर गेल्याने १९८९ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यांना बंदी आली आणि २०१४ मध्ये ती इंधन वाचवण्याच्या निमित्ताने परत आली.

आणि सेव्हन? १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्याने सुट्या गाडीचा फायदा संपला. चॅपमनने तिचे हक्क लंडनच्या दक्षिणेच्या केटरहॅम कंपनीला विकून टाकले. त्याच्या मोठ्या मोटारी आल्या आणि गेल्या, पण हा टब टिकला. कितीतरी वर्षे केटरहॅमने त्यात साधी, आपल्या श्वासावर चालणारी इंजिनेच बसवली. हॉलंडच्या डोंकरव्होर्ट कंपनीने मात्र याच घाटणीच्या गाडीत ऑडीची टर्बो इंजिने घातली. वजन सातशे किलोच्या आसपास गेले, पण ताकद अनेक पटींनी वाढली. आपल्याकडे अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची 'रोडस्टर' बनवली. तिच्यात इसुझूचे १.८ लिटरचे बिनटर्बोचे इंजिन होते, ॲम्बॅसडरमधून आपल्या ओळखीचे झालेले.

शेवटी टर्बो खुद्द सेव्हनमध्येही आला. २०१३ मध्ये केटरहॅमने तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे, तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले. जपानमधल्या चिमुकल्या मोटारींसाठी बनलेले. ताकद ऐंशी अश्वशक्ती, म्हणजे पहिल्या सेव्हनच्या दुप्पट. २०२१ च्या आवृत्तीत तर गाडीचे वजन ४४० किलोपर्यंत उतरले. इथे टर्बो ओझे घेऊन आला नाही, उलट मोठ्या इंजिनाचे ओझे घेऊन गेला. चक्री इतकी लहान, की तिला वेग घ्यायलाही फार वेळ लागत नाही. चॅपमनचा हिशेब या गाडीला मान्य झाला असता.

सुट्या गाडीचे शौकीन आजही टर्बो की साधे इंजिन यावर तावातावाने भांडतात. चॅपमनच्या चष्म्यातून पाहिले तर प्रश्न फक्त एवढाच राहतो, की जे काही बसवतो आहोत ते आपल्या वजनाचे मोल फेडते का. धातूच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्याइतक्या निर्दयपणे कोणी विचारला नाही. म्हणूनच त्याच्या गाड्या जिंकल्या. पण ब्रेकचा दांडा थोडा जाड ठेवण्याचे वजन, चालकाची तक्रार ऐकून घेण्याचे वजन, दुसऱ्याच्या पैशाला हात न लावण्याचे वजन, ही ओझी वेगळ्या जातीची असतात. ती शर्यत जिंकून देत नाहीत. ती उतरवली तर गाडी काही काळ अधिक वेगाने पळते, हेही खरे. ती का बाळगायची, ते योखेन रिंटने आपल्या तक्रारीत लिहून ठेवले होते.